कागदावर पंजाबभाऊ विहिरीत होता

मला आग विझवायला घेतलं ते मला पोहता येतं म्हणून.

ही गंमत नाही, नेमणुकीची खरी हकीकत आहे. मी मूळचा मालवणच्या अलीकडच्या एका खाडीकाठच्या गावचा. नववीत गणिताने मला शाळेबाहेर काढलं आणि मी पाइपलाइनचे चर खणणाऱ्या टोळीबरोबर वऱ्हाडात आलो. इथे मला कावीळ झाली. टोळीला पुढच्या गावी काम मिळालं, ती गेली, मी मागे राहिलो. खोलीच्या शेजारी पंजाब गावंडे नावाचा माणूस राहत होता, मूळचा अंजनगाव सुर्जीचा, नगरपालिकेच्या अग्निशमन केंद्रात फायरमन. त्याची बायको निर्मलावहिनी रोज भिंतीपलीकडून विचारायची, "जिता हायस का रे?" आणि हो म्हटलं की बिनतेलाचं वरण आणून ठेवायची. नाही म्हणायची सोय नव्हती, त्यामुळे मी जगलो.

बरा झाल्यावर पंजाबभाऊने मला अग्निशमन केंद्राच्या साहेबांपुढे उभं केलं.

"शाळा किती?" साहेबांनी विचारलं.

"नववी."

"पास?"

"नापास."

"पोयता येते?"

"हो. खाडीकाठचा आहे."

साहेब पंजाबभाऊकडे वळून म्हणाले, "दहावी पास आपल्याकडे ढीगभर हायेत बाप्पा. पोयनारा एक नाई. घ्या याले."

त्या दिवसापासून आजपर्यंत मला रोज वाटत आलं आहे की कुणीतरी येईल आणि म्हणेल, चूक झाली, हा माणूस परत द्या. नोकरीची वर्षं मी त्या माणसाची वाट बघत काढली. निवृत्त झालो तरी तो आला नाही. पण तो डाकेने येऊ शकतो हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

गावाचं नाव लिहीत नाही. अमरावती आणि अकोला यांच्या मधलं एक तालुक्याचं ठिकाण, एवढं पुरे. आमच्या पालिकेतलं कोणी दिवाळी अंक वाचत नाही, पण नेमका हाच वाचतील अशी माझी खात्री आहे.

आता धंदा काय असतो ते सांगतो. लोकांना वाटतं फायरमन म्हणजे आग. आमच्याकडे निम्म्या वर्द्या विहिरीच्या. वर्दी म्हणजे आमच्याकडे येणारा मदतीचा निरोप, मग तो फोनवर येवो की धावत येवो. वऱ्हाडात पाणी खोल असतं आणि विहिरी शेतात उघड्या, बिनकठड्याच्या. त्यात गाय पडते, म्हैस पडते, कधी माणूस पडतो, कधी स्वतःहून जातो. काढायला आम्ही. भातकुलीकडच्या एका गृहस्थाची म्हैस आम्ही दोन तास खपून वर काढली. म्हैस वर आली, अंग झाडलं आणि मला चिखलाने रंगवून घराकडे निघाली. तिसऱ्या दिवशी गृहस्थ केंद्रावर हजर. म्हैस दचकली, दूध आटलं, तसा दाखला द्या, विम्याला लागतो. आमचे साहेब गंभीरपणे म्हणाले, "म्हैस दचकल्याचा दाखला पशुवैद्य देते. आमी फक्त ओली झाल्याचा देऊ." ते गृहस्थ तो घेऊन गेले. पुढे त्याचं काय केलं माहीत नाही.

दुसरी निम्मी आग. आणि इथली आग म्हणजे कापूस. अकोटपासून इकडे जिनिंगच जिनिंग. सरकी वेगळी काढून रुई दाबतात, तिची पावणेदोन क्विंटलची गाठ बांधतात, वरून लोखंडी पट्ट्या आवळतात. या गाठीला आग लागली की ती घरच्या आगीसारखी पेटत नाही. आत शिरून बसते. वरून कितीही पाणी मारा, गाठ बाहेरून गार, आत निखारा. मग एकच उपाय, गोदामात शिरायचं आणि एकेक गाठ फोडायची. शंभर गाठी असल्या तर शंभर. चार-चार दिवस चालतं. ज्वाळा दिसत नाहीत म्हणून बघे लोकही कंटाळून जातात. राहतो तो धूर. पिवळट, जड, सरकीच्या तेलाचा, वर गुंडाळलेल्या प्लास्टिकचा.

या धुरासाठी तोंडाला लावायचा हवेचा संच असतो. टाकी पाठीवर, मुखवटा तोंडावर. आमच्याकडे असे दोन होते. महाग वस्तू म्हणून ते साहेबांच्या खोलीत कपाटात असत आणि किल्ली साहेबांच्या जानव्याला. साहेब सुटीवर गेले की संचही सुटीवर. दसऱ्याला मात्र आम्ही त्यांची पूजा करायचो. टाकीत हवा नसायची, पण झेंडूचा हार ताजा असायचा. आगीवर जाताना आम्ही ओला दुपट्टा तोंडाला बांधायचो आणि परत आलो की जिनिंगवाला शेठ गूळ-फुटाणे पाठवायचा. गुळाने छाती साफ होते असं सगळे म्हणायचे. शेठही म्हणायचा, आणि तो गोदामापासून पाव मैलावर उभा राहून म्हणायचा.

माझी पहिली मोठी आग मार्च महिन्यातली, भर दुपारची. गाडीवर आमच्या जोड्या ठरलेल्या असत. माझी जोडी पंजाबभाऊबरोबर. जोडीत नंबर एक आणि नंबर दोन. नंबर एकने पाण्याच्या पाइपाचं तोंड धरून पुढे, आत जायचं. नंबर दोनने मागे राहून पाइप सोडायचा, दोर धरायचा, बाहेरचं बघायचं. एक दिवस मी एक, दुसऱ्या दिवशी तो एक, अशी पाळी. विहीर असो की आग, नंबर एकने आत.

त्या दिवशी नंबर एक मी होतो. गोदामाच्या दारापर्यंत गेलो. आतून धूर बाहेर येत होता, तसा सावकाश, कुठल्याही घाईत नसल्यासारखा. आणि माझे पाय उचलेनात. मागून पंजाबभाऊ आला, माझ्या हातातून पाइप घेतला आणि म्हणाला, "बाजूले सरक. खांबासारका उभा हायेस." आणि आत गेला. मी बाहेर पाइप सोडत राहिलो. लाज वाटली. आणि त्याहून जास्त, खरं सांगायचं तर, बरं वाटलं.

चार दिवसांनी विहिरीची वर्दी आली. एक म्हातारा पडला होता, जिवंत होता. नंबर एक पंजाबभाऊ. तो काठापर्यंत गेला, खाली पाहिलं आणि तिथेच बसला. कमरेएवढ्या पाण्यातही न उतरणारा माणूस. गंगेत नेला तरी लोट्याने अंघोळ करील. मी दोर त्याच्या हातात दिला, माझ्या काखेत बांधून घेतला आणि उतरलो. म्हाताऱ्याला वर काढलं. परतताना टपरीवर चहा घेताना पंजाबभाऊ म्हणाला, "कोकण्या, आपलं ठरलं. आग माही, पानी तुह्यं."

"आणि पाळी?"

"पाळी तायडेबाबूची. आपली नाई."

तायडेबाबू म्हणजे आमचा टेलिफोनवाला. वर्दी घेणं आणि वर्दीचं रजिस्टर लिहिणं हे त्याचं काम. अक्षर इतकं सुंदर की लग्नपत्रिकांवर नावं टाकायला लोक त्याला घेऊन जात. गाडी केंद्राबाहेर पडली की तो रजिस्टर उघडायचा आणि पाळीप्रमाणे लिहायचा, नंबर एक अमुक, आत प्रवेश केला. नंबर दोन तमुक, बाहेरून सहाय्य केलं. गाडी अजून आगीपर्यंत पोचलेली नसायची. कुणी म्हटलं, बाबू, आत तर दुसराच गेला होता, की तायडेबाबू चष्म्यावरून बघायचा. "मले खाडाखोड जमत नाई. ऑडिट हाय. पायजे तर तुमी पुढच्या वेळेस पाळीप्रमाणे जात जा." आणि कोणाला फरक पडत होता. आग विझत होती, माणसं वर येत होती.

त्यामुळे झालं असं की कागदावर निम्म्या आगींत मी होतो आणि निम्म्या विहिरींत पंजाबभाऊ. त्यातही नशीब असं की मोठ्या आगी माझ्या पाळीलाच यायच्या. एका जिनिंगच्या आगीत आतल्या खोलीत दोन हमाल अडकले होते, ते पंजाबभाऊने ओढून काढले. पाळी माझी. प्रशस्तिपत्र मला. त्याच वर्षी एका विहिरीतून मी एक बाई आणि तिची मुलगी काढली. पाळी त्याची. प्रशस्तिपत्र त्याला. पालिकेच्या सभागृहात शाल, नारळ, टाळ्या. खाली उतरल्यावर मी म्हटलं, "भाऊ, आपण पत्रं बदलून घेऊ."

"राहू दे बे. नारय तर सारकाच हाय."

दोघांनी आपापली, म्हणजे दुसऱ्याची, फ्रेम करून भिंतीवर लावली. पाहुणे आले की मी ती नीट समजावून सांगायचो. कसा धूर होता, कसा आत शिरलो. सांगताना मला ते खरं वाटू लागलं होतं, हेही लिहून टाकतो.

निवृत्तीला तीन-चार वर्षं उरली तेव्हा पंजाबभाऊला दम लागायला लागला. आधी जिन्यावर, मग सपाटीवर, मग बूट घालताना. आम्ही चिडवायचो, पोट कमी करा. तो कमी झाला, पोटासकट. अमरावतीला मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "बिडी पिता का?" पंजाबभाऊने जन्मात बिडी ओढली नाही. अंजनगावचा, पानमळ्याच्या गावचा माणूस, त्याचं व्यसन एकच, पान. डॉक्टरांना पटेना. मग त्याला एका नळीत फुंकायला लावलं, पूर्ण जोराने, आणि यंत्रावर छातीची ताकद मोजली. बाहेर आल्यावर मला म्हणाला, "जिंदगीभर आगी इझवल्या. आज त्या बाईनं सांगतलं, मेनबत्ती समजून फुका. तेही नाई जमलं."

फुफ्फुसं झिजली होती. औषधांनी पुढचं झिजणं हळू होईल, झिजलेलं परत येणार नाही. त्याला वैद्यकीय कारणावरून मुदतीआधीच घरी बसवलं. घरी यंत्र पाहिजे, हवेतला प्राणवायू गोळा करून नळीने नाकात सोडणारं. दिवसातले बरेच तास ते लावून बसायचं. ते विकत घ्यायचं, त्याची वीज भरायची, औषधं. तेव्हा एका वकीलबाईंनी सांगितलं की कामामुळे आजार झाला तर मालकाने भरपाई द्यावी असा कायदा आहे आणि आगवालेही त्यात येतात.

हा कायदा मला वकीलबाईंनी चहाच्या दोन कपांत समजावला, तसा तुम्हाला सांगतो. अपघात सोपा. शिडीवरून पडलात, पाय मोडला. दिवस आहे, वेळ आहे, शिडी आहे. आजाराला दिवस नसतो. काही धंद्यांचे काही आजार कायद्याच्या यादीत लिहिलेले आहेत. कापसाच्या धुळीने छाती गेली तर तो आजार यादीत आहे, पण तो कापसात काम करणाऱ्याचा. "पंजाबराव कापसात काम करत होते का?" बाईंनी विचारलं.

"पेटलेल्या कापसात," मी म्हटलं.

"ते यादीत नाही. मग सिद्ध करावं लागेल की हा आजार याच कामाने झाला. त्यासाठी ते किती वेळा धुरात होते ते दाखवायचं. रजिस्टर असेल ना?"

"आहे," मी म्हटलं. "अक्षर फार सुंदर आहे."

पालिकेने उत्तर दिलं. तायडेबाबूच्या सुंदर अक्षरातल्या रजिस्टरच्या प्रती जोडून. अर्जदाराने सेवेतल्या बहुतेक मोठ्या आगींत बाहेरून सहाय्य केलं आहे. आत प्रवेश केल्याच्या त्यांच्या नोंदी प्रामुख्याने विहिरींच्या आहेत. विहिरीत धूर नसतो. सबब, अर्ज फेटाळावा.

निर्मलावहिनी ते कागद घेऊन माझ्याकडे आल्या. टेबलावर टाकले. "वाच. तुह्या भावानं पोयनं कवा शिकलं, मले तर सांगतलं नाई."

मी वाचलं. वकीलबाईंचं म्हणणं होतं की मी साक्ष द्यावी. उघड सांगावं, आत मी नव्हतो, तो होता. आणि इथे माझी गोष्ट लाजिरवाणी होते. मला निवृत्त होऊन वर्ष झालं होतं आणि पेन्शन अजून तात्पुरती होती. तात्पुरती म्हणजे देतोय, पण अंतिम आदेश निघेपर्यंत काहीही होऊ शकतं. मी कोर्टात सांगायचं की माझ्या नावावरच्या आगी माझ्या नाहीत, प्रशस्तिपत्र माझं नाही. म्हणजे तो माणूस, चूक झाली म्हणणारा, त्याला मी स्वतः घरी बोलवायचं.

मी वहिनींना म्हटलं, "जुन्या गोष्टी. मला नीट आठवत नाही."

वहिनींनी कागद गोळा केले, पदराखाली धरले आणि गेल्या. ज्या बाईने मला काविळीतून उठवलं तिला मी असं म्हटलं.

दुसऱ्या दिवशी मी गावी पळालो. भावाच्या घराची कौलं बदलायची होती असं सगळ्यांना सांगितलं. भावाने कौलं मागच्याच वर्षी बदलली होती. मी खाडीवर जाऊन बसायचो आणि आल्यागेल्याला विचारायचो, पेन्शन बंद होऊ शकते का. कोणालाच माहीत नव्हतं. एकाने सांगितलं, त्याच्या मेहुण्याची झाली होती. मेहुण्याने काय केलं होतं ते त्याला आठवेना. मी तीन दिवस जेवलो नाही.

मग पंजाबभाऊचा फोन आला.

"कोकण्या." मग थांबला. आत ओढलेला श्वास ऐकू आला. "तू येऊ नको." पुन्हा थांबला. "तुह्या पेन्शनचा कागद... निंगू दे आधी. मंग... पाहू."

"तारीख कधी आहे?"

"सोमवारी. ते तारखा... देतच रायतेत. तू मासे खा."

एका वाक्यासाठी त्याला तीन श्वास लागत होते आणि ते तो मला सवलत देण्यावर खर्च करत होता. मी त्याच संध्याकाळची गाडी धरली. शूरपणाने नाही. त्याने शिव्या दिल्या असत्या तर मी कदाचित तिथेच राहिलो असतो.

सोमवारी कामगार कोर्टात गेलो. साक्षीदाराने दुसऱ्याची साक्ष ऐकायची नसते म्हणून मला बाहेर व्हरांड्यात बसवलं. आधी पंजाबभाऊला बोलावलं. आत काय झालं ते वहिनींनी नंतर सांगितलं, पण तुम्हाला आताच सांगतो.

पालिकेचे वकील हुशार होते. त्यांनी आमच्या प्रशिक्षणाचं पुस्तक वाचून आणलं होतं. म्हणाले, "रजिस्टरप्रमाणे तुम्ही कितीतरी विहिरींत उतरलात. मग सांगा, जुन्या विहिरीत उतरण्याआधी काय करतात?"

पंजाबभाऊ म्हणाला, "दोर बांधतेत. मंग कोकण्या उतरते. मी दोर धरतो अन् डोये मिटतो."

"रजिस्टरमध्ये तर तुम्ही उतरलात."

"रजिस्टरमंदी मले पोयताही येते, साहेब."

न्यायाधीश मान खाली घालून लिहीत होते, पण वहिनी म्हणतात त्यांचे खांदे हलले.

मग वकिलांनी विचारलं, "आणि पेटलेली गाठ कशी फोडतात? ते तरी माहीत आहे?"

"गाठीच्या समोर उभं नाई राहाचं. टोकाकडून, बाजूनं." तो थांबला, श्वास घेतला. "तापलेली पट्टी ताणात असते. तोडली का... चाबकासारकी येते. समोर असला तं पोट फाटते." शर्टाची बाही वर करून त्याने हात दाखवला. कोपरापासून मनगटापर्यंत पट्ट्यांचे पांढरे वळ आहेत, एकावर एक. "हे शिकत होतो तवाचे."

मग मला आत बोलावलं. मी कठड्याला धरलं. वकीलबाईंनी विचारलं, मी सांगितलं. पाळीचं, अदलाबदलीचं, दारात पाय न उचलल्याचं, सगळं. तायडेबाबू पालिकेकडून रजिस्टर घेऊन आला होता. तो छताकडे बघत बसला.

पालिकेचे वकील उठले. "म्हणजे तुम्ही न केलेल्या कामाचं प्रशस्तिपत्र घेतलंत?"

"हो."

"घरी लावलंत?"

"फ्रेम करून."

"मग तेव्हा खोटं आणि आता खरं, हे कोर्टाने का मानावं? मित्राला मदत करायला आला आहात, असंच ना?"

मी म्हटलं, "साहेब, मला घाबरल्यावर सुचत नाही, आणि मी आता फार घाबरलो आहे."

तेव्हा न्यायाधीश पहिल्यांदा बोलले. "वकीलसाहेब, तुमचेच दोन प्रश्न यांना विचारा."

वकिलांनी विहिरीचं विचारलं. ते मला झोपेतही येतं. म्हटलं, जुन्या विहिरीत तळाशी वाईट हवा साठते. आधी पेटता कंदील दोराने खाली सोडायचा. विझला तर माणूस उतरवायचा नाही. कडुलिंबाची मोठी फांदी दोराला बांधून वरखाली घुसळायची, बादल्यांनी पाणी फेकायचं, हवा हलवायची, पुन्हा कंदील सोडायचा. दोर कमरेला नाही, काखेत बांधायचा, कारण बेशुद्ध झाला तर कमरेचा दोर माणसाला उलटा करतो. बुडणाऱ्याला समोरून धरायचं नाही, तो गळ्याला मिठी मारतो. किती वेळ बोललो कुणास ठाऊक. न्यायाधीशांनी हाताने थांबवलं.

"बरं," वकील म्हणाले. "पेटलेली गाठ कशी फोडता?"

"कुऱ्हाडीने. पट्टी तोडून."

"कुठे उभं राहून?"

मी विचार केला. डोळ्यांपुढे आणायचा प्रयत्न केला. माझ्या नावावर एवढ्या आगी होत्या आणि एकही गाठ डोळ्यांपुढे येईना. "समोर," मी म्हटलं. "समोरून घाव नीट बसत असेल."

मागच्या बाकावरून पंजाबभाऊचा आवाज आला, खोकल्यातून. "मेला असता भैताड."

शिपायाने शू केलं. न्यायाधीशांनी लिहिलं. वकिलांनी पुस्तक मिटलं. मला कळेना मी काय चुकलो, पण वहिनी पदर तोंडाला लावून हसत होत्या आणि त्यांचे डोळे भरले होते.

निकाल पुढे चार तारखांनंतर लागला. आजार कामामुळे झाला, पालिकेने भरपाई द्यावी. रजिस्टरवर विसंबता येत नाही, असंही त्यात होतं. तायडेबाबूने ते वाक्य एकदा चष्म्यातून वाचलं आणि एकदा चष्म्यावरून. आता पंजाबभाऊच्या घरी ते यंत्र आहे. घरघर आवाज करतं. वहिनी त्याला सवत म्हणतात. छाती काही परत आली नाही. तेव्हा कपाट फोडून मुखवटा काढून त्याच्या तोंडाला लावणारा आमच्यात एकही निघाला नाही, मीसुद्धा नाही, आणि हे कुठल्याही निकालाने भरून निघत नाही. पण अंघोळ करताना तो आता धापा टाकत खाली बसत नाही, आणि पान पुन्हा सुरू झालं आहे.

आणि मग मला डाकेने लिफाफा आला. कारणे दाखवा. कोर्टातल्या आपल्या कबुलीनुसार आपण सेवेत असताना चुकीच्या नोंदीचा लाभ घेतला, प्रशस्तिपत्र स्वीकारलं, तरी आपल्या अंतिम पेन्शनबाबत कारवाई का करू नये, सात दिवसांत खुलासा द्यावा. एवढी वर्षं वाट पाहिली तो माणूस आला, आणि आश्चर्य म्हणजे मला फार काही झालं नाही. जेवलो.

कागद घेऊन पंजाबभाऊकडे गेलो. म्हटलं, वकीलबाईंकडून लिहून घेतो, मला असं लिहायला जमत नाही.

त्याने नाकातली नळी सारखी केली. "कायले बाई पायजे? त्यायनं कारन इचारलं. कारन सांग."

"काय सांगू?"

"भेलो होतो म्हन."

"एवढंच?"

"मंग काय पुराण लिहतं?"

त्याच्या पलंगावर बसून मी लिहिलं. अर्ज लिहायची सवय नाही, दोन कागद वाया गेले. तिसऱ्यावर आलं ते असं: "मा. महोदय, त्या दिवशी मी भ्यालो होतो म्हणून आत गेलो नाही. माझ्या जागी पंजाब गावंडे आत गेले. नंतरही तेच जात राहिले. प्रशस्तिपत्र सोबत जोडले आहे, ते त्यांच्या नावे करून मिळावे." खाली सही केली. खुलासा आणि फ्रेमसकट प्रशस्तिपत्र पिशवीत घालून दुसऱ्या दिवशी पालिकेत गेलो. आवक विभागात आता तायडेबाबू बसतो, निवृत्तीनंतर रोजंदारीवर. त्याने खुलासा पूर्ण वाचला, शाईचं पेन काढलं आणि आवक वहीत आपल्या त्या अक्षरात नोंद केली. मी वाकून पाहिलं. तपशिलाच्या रकान्यात त्याने लिहिलं होतं: आत प्रवेश केला, पंजाब गावंडे.

"फ्रेम ठिवून जा," तो म्हणाला. "काचेची पोच वेगळी देतो."